आबाळ कोण करते?

जानेवारीतली सकाळ होती. एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर मी तेव्हा सदस्य होतो आणि आमच्यासमोर एक ऊसतोड जोडपे उभे होते. त्यांचा दीड वर्षांचा मुलगा रुग्णालयात होता. कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीतल्या, चुलीवरचे उकळते पाणी अंगावर सांडून त्याचा डावा हात आणि पोट भाजले होते. पाणी सांडले तेव्हा त्याच्याजवळ त्याची सात वर्षांची बहीण होती, आणि आईवडील दोन किलोमीटरवरच्या फडात उसाच्या मोळ्या बांधत होते. रुग्णालयाने पोलिसांना कळवले, पोलिसांनी आम्हाला कळवले, आणि अशा वेळी नेहमी विचारला जातो तोच प्रश्न आम्ही विचारला: एवढ्या लहान मुलांना एकटे सोडून का गेलात? बापाने मान खाली घातली. आई मात्र आमच्याकडे सरळ बघत म्हणाली, "मग कुनापाशी ठिवायचं, सायेब?" त्यात उर्मटपणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती, आणि टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकाकडेही उत्तर नव्हते.

मुलांची काळजी घेतली न जाण्याबद्दल बोलताना मराठीत दोन शब्द हाताशी येतात आणि त्यांच्यातला फरक मला त्या दिवसापासून फार महत्त्वाचा वाटू लागला आहे. हेळसांड कोणीतरी करते. तिला कर्ता लागतो, आणि त्या कर्त्याला जाब विचारता येतो. आबाळ मात्र होते. "आई आजारी पडली आणि पोरांची आबाळ झाली" असे आपण म्हणतो तेव्हा कोणी आईला दोष देत नाही. घरातले एक माणूस कमी पडले आणि त्याची जागा भरून काढणारे दुसरे कोणी नव्हते, एवढेच आपण सांगत असतो. भाषेने केलेला हा भेद कायद्यालाही अनोळखी नाही. 2015 च्या बालन्याय अधिनियमाचे कलम 75 मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. पण त्याच कलमाला जोडलेले परंतुक असेही म्हणते की, जन्मदात्या आईवडिलांनी मूल सोडून दिले ते त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे, असे आढळले तर ते जाणूनबुजून केलेले नाही असेच गृहीत धरावे. याच अधिनियमाच्या कलम 3 मधली तत्त्वे मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानतात आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय ठरवतात. म्हणजे कायद्याची समज चांगली आहे. अडचण अशी की त्या समजुतीला साजेशी सरकारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही, आणि म्हणून प्रत्यक्षात जिथे आबाळ होते तिथे आपण हेळसांड करणारा शोधत बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. महाराष्ट्रात ज्याला आपण पालकांचे दुर्लक्ष म्हणतो त्यातला फार मोठा भाग कामाच्या रचनेतून तयार होतो. ही रचना माणसांनी केलेली आहे, तिच्यातून पैसा मिळवणारे घटक ठाऊक आहेत, तिच्यावर परवाने, करार आणि शासननिर्णय यांचे नियंत्रण आहे, आणि म्हणून ती बदलता येते. पालकांना उपदेश करून किंवा मुलांना बालगृहात पोहोचवून ती बदलत नाही. हे सगळ्या प्रकारच्या श्रमांबद्दल दाखवता येईल, वीटभट्टीबद्दल, बांधकामाबद्दल, शहरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईबद्दल; पण मी ऊसतोडीपुरतेच बोलणार आहे, कारण ती मी जवळून पाहिली आहे आणि कारण तिथे दोर कोणाच्या हातात आहेत हे फारसे लपलेले नाही.

ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' हे हत्याराचे नाव आहे आणि नवराबायकोच्या जोडीचेही. मुकादम गावात येतो तेव्हा माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. दिवाळीच्या आधी काही महिने कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, ती बहुतेक वेळा आधीचे देणे, दवाखाना, लग्न किंवा घरावरचे पत्रे यांत संपून जाते, आणि मग बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून, शेजारच्या पाथर्डी-शेवगाव भागातून, लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात उतरतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती उचल फेडायची असते. एक कोयता दिवसाला साधारण दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. पहाटे तीन-चारला उठायचे, तोडायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून फळीवर चढून गाडीत रचायच्या. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. एखादा दिवस कामाला गेले नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतच वाढतो. मूल तापाने फणफणले म्हणून आई कोपीवर थांबली तर त्या दिवसाचा जोडीचा रोज तर जातोच, वर खाडा बसतो. आजारी मुलाजवळ बसण्याबद्दल आईला दंड करणारी दुसरी कोणती नोकरी आपल्या राज्यात असेल, तर मला ती माहीत नाही.

या हिशेबात मूल कुठेच नाही. कोयत्यात दोन माणसे आहेत, करारात दोन माणसे आहेत (तो करारही बहुधा पुरुषाच्या अंगठ्यावर होतो, बाईचे नाव वेगळे लागत नाही), आणि दोघांच्याही दिवसाचे सगळे तास विकले गेलेले आहेत. आईपुढे दोनच वाटा उरतात. मुलाला गावी आजीकडे ठेवायचे, तर ज्याला अजून अंगावरचे दूध हवे त्याला सहा महिने तोडायचे आणि जिला स्वतःला सांभाळणारे कोणी हवे त्या म्हातारीच्या गळ्यात घालायचे. नाही तर बरोबर न्यायचे. मग फडाच्या कडेला झोळी किंवा तळावरची (टोळीच्या मुक्कामावरची) कोपी, तिथे चूल, ट्रॅक्टरची चाके, थंडी, आणि जुन्नर-आंबेगावच्या बाजूला असाल तर उसातला बिबट्या. बरोबर नेलेल्या मुलाकडे लक्ष ठेवायला मग थोरली मुलगी नेली जाते. ती सात-आठ वर्षांची असते आणि शाळेच्या पटावर तिचे नाव असतेच. धाकट्याची काळजी घेणारे कोणी नाही ही एक उणीव अशी दोन मुलांना गिळते, आणि दोन्ही नोंदी वेगवेगळ्या खात्यांत होत असल्यामुळे एकालाही दुसरी दिसत नाही. मुलगी तेरा-चौदाची झाली की तिची वेगळीच चिंता सुरू होते. गावात एकटी ठेवता येत नाही, तळावर नेता येत नाही, तेव्हा लग्न उरकून टाकले जाते, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के होते. एकट्या बीड जिल्ह्यात ते 43.7 टक्के निघाले. बालविवाहविरोधी शपथा शाळाशाळांतून घेतल्या जातात, त्यांना माझा विरोध नाही. पण शपथ घेणाऱ्या मुलीने नोव्हेंबर ते मार्च कुठे राहायचे हे त्या शपथेत नसते.

आईच्या शरीराचे काय होते हेही याच हिशेबात येते. 2019 साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये म्हणून ज्या बायका पोटातला अवयव काढून टाकण्यापर्यंत येतात, त्यांना आपण मुलांकडे नीट लक्ष द्या असे सांगतो तेव्हा आपण नक्की कोणत्या वेळेबद्दल बोलत असतो?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, नंतर त्या मागे पडल्या. हंगामी वसतिगृहांची योजना आली, तिच्यामुळे बरीच मुले गावी राहून शिकली, आणि बोगस पटसंख्येच्या तक्रारीही झाल्या. 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे उभारण्याचा निर्णय झाला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ही सारी मदत शाळेत जाणाऱ्या मुलापाशी सुरू होते. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो, म्हणून शासनाची ऊसतोडीच्या मुलाशी ओळखही सहाव्या वर्षी होते. ज्या वयात मूल चुलीकडे रांगत जाते, ज्या वयात त्याची वाढ खुंटली तर पुढे ती भरून निघणे कठीण असते, ती वर्षे कोणाचीच नाहीत.

ती अंगणवाडीची आहेत, असे कोणी म्हणेल. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना ही या देशाने लहान मुलांसाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, याबद्दल मला शंका नाही. पण अंगणवाडी गावाची असते आणि ऊसतोड्या सहा महिने कोणत्याच गावाचा नसतो. बीडमधल्या सेविकेच्या यादीत मुलाचे नाव असते, मूल सांगलीत असते. सांगलीतल्या सेविकेकडे मूल असते, यादीत नाव नसते. हे जुळवण्यासाठी राज्याने स्थलांतराचा मागोवा घेणारी संगणक प्रणाली केली आहे आणि केंद्राच्या 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल ॲपमध्येही सोय आहे; पण तळ गावापासून दीड-दोन किलोमीटरवर असतो, अंगणवाडी दुपारी सुटते, आणि आईबाप अंधार पडल्यावर परततात. खिचडी खायला मुलाला तिथे नेणार कोण आणि आणणार कोण? आठ वर्षांची बहीणच. मुलाचे नाव मोबाइलमधल्या यादीत एका गावातून दुसऱ्या गावात सरकवल्याने त्याला दिवसभर कोणी सांभाळत नाही. आणि ज्या सेविकेने हे सगळे करावे अशी अपेक्षा आहे तिला अजूनही पगार नाही, मानधन मिळते. 2023 च्या डिसेंबरपासून सुरू झालेला त्यांचा दीर्घ संप आठवून पाहावा.

अशा रीतीने जोपर्यंत कुटुंब कसेबसे टिकून आहे तोपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. ते मोडले की मात्र यंत्रणा हलते. पोलीस येतात, समिती बसते, सामाजिक तपासणी अहवाल मागवला जातो, मुलाला बालगृहाचा आदेश होतो आणि त्याच्या जेवणाखाण्यावर, कपड्यांवर, कर्मचाऱ्यांवर शासन दर महिन्याला पैसे खर्च करू लागते. अनाथाश्रम या शब्दाने आपली फसगत केली आहे. केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी देशभरातल्या साडेनऊ हजारांहून अधिक बालसंगोपन संस्थांची पाहणी करवली तेव्हा काळजी व संरक्षणाची गरज असलेली म्हणून तिथे राहणारी सुमारे 3 लाख 70 हजार मुले मोजली गेली. त्यांत खरोखर अनाथ मुले पन्नास हजारांहूनही कमी होती आणि एकल पालकाची मुले एक लाखाहून जास्त. याचा अर्थ या मुलांना घर होते. घराला कोणाचा तरी हात हवा होता, तो मिळाला नाही.

हात देणाऱ्या योजना कागदावर आहेत, आणि त्यांच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रायोजकत्वाखाली मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, 2,250 रुपये मिळतात. ही रक्कम पूर्वी 425 होती, मग 1,100 झाली, म्हणजे सुधारणा झालेली आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण या दोन्ही योजना मुख्यतः वडील वारलेल्या, आई टाकलेल्या, पालक तुरुंगात असलेल्या किंवा दुर्धर आजाराने खाटेला खिळलेल्या घरांसाठी आहेत. प्रायोजकत्वासाठी शिवाय ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत हवे. आता एका कोयत्याचे गणित करू. 2024 च्या सुरुवातीला झालेल्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साडेतीनशे रुपयांहून थोडा वर गेला. दोन टनांचे सातशे-सव्वासातशे. पाच महिन्यांचे, खाडे वगळून, लाखभर. तेही उचलीत आधीच फिटलेले. म्हणजे दोघेही धडधाकट आहेत, दोघेही पहाटेपासून राबत आहेत आणि मूल एकटे आहे, अशा घराला ही मदत मिळणार नाही, कारण ते अजून मोडलेले नाही आणि कागदावर पुरेसे गरीबही नाही. नवरा मेला किंवा बायकोला सोडून गेला, आणि कमाई निम्म्यावर आली, की ते पात्र होईल. योजना आखणाऱ्यांच्या मनात असे नव्हते, हे मला समजते. पण अटींचा अर्थ तोच निघतो.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, सगळेच पालक परिस्थितीचे बळी नसतात; दारू पिऊन मुलांना बडवणारे बाप असतात, मुलीला विकणारेही असतात. असतात. समितीवर असताना असेही लोक पाहिले आणि त्यांच्या हातून मूल काढून घेताना मला क्षणभरही वाईट वाटले नाही. पण म्हणूनच दोन्ही प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांची औषधे वेगळी आहेत. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांच्या किमान वेतनातले बदल आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे आलेल्या तक्रारी यांची तुलना करणारा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. किमान वेतन ताशी एका डॉलरने वाढले की दुर्लक्षाच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटतात, असे त्यात आढळले; मारहाणीच्या तक्रारींवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. अमेरिकेची परिस्थिती वेगळी आहे आणि तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत, पण निष्कर्षाची दिशा विचारात घेण्यासारखी आहे: आबाळ मजुरीला प्रतिसाद देते, क्रौर्य देत नाही. दोन्हींवर एकच पोलिसी इलाज केला की क्रूर बापांमागे लागायला जे तास आणि जी माणसे हवीत, ती गरीब आयांचे जबाब नोंदवण्यात खर्च होतात.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि त्याला चिकटून आलेला 'फुकटच्या सवयी'चा. लाडकी बहीण योजनेने जुलै 2024 पासून महिन्याला दीड हजार रुपये थेट बायकांच्या खात्यात टाकून तो बराचसा निकालात काढला आहे. राज्य ठरवले तर केवढा मोठा खर्च करू शकते हे आपण पाहिले. त्या पैशांनी कोपीतल्या बाईला निश्चितच मदत झाली असेल. पण दीड हजारांनी तिला दिवसातला एक तासही परत मिळत नाही, आणि तिच्या मुलाला हवे आहेत ते तास. रोख मदत आणि सांभाळणारे माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट देणे सोपे असते, कारण तिच्यासाठी कोणाशी भांडावे लागत नाही. दुसरीसाठी मुकादमाशी आणि कारखान्याशी भांडावे लागते.

तेव्हा त्या भांडणाकडे वळू. आपल्या कायद्यांना पाळणाघर नवे नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्याला पाळणाघर सांगितले. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक बांधकाम-मजूर बायका असतील तिथे ते सांगितले. 2017 च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तर, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. ऊसतोड बाई या सगळ्यांच्या मधून निसटते, कारण ती कागदावर कोणाचीच कामगार नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच एक.

आणि तरीही तोच कारखाना त्या बाईचा ठावठिकाणा रोज सकाळी जाणून असतो. कोणती टोळी कोणत्या गटात, कोणाच्या फडात आहे, आज कोणत्या गाडीला ऊस भरणार, हे स्लिपबॉयच्या (तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) वहीत आणि शेतकी खात्याच्या संगणकावर असते. ऊस किती वाजता तुटला आणि किती तासांनी काट्यावर आला याची नोंद असते, कारण उशीर झाला की साखरेचा उतारा घटतो. राज्याचे नियंत्रणही तेवढेच बारकाईचे आहे. साखर आयुक्तांच्या परवान्याशिवाय गाळप सुरू होत नाही. ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसासाठी द्यायची किमान किंमत, 14 दिवसांत द्यावी लागते, न दिल्यास व्याज लागते, आणि थकबाकीदार कारखान्याची साखर जप्त करून वसुली करण्यापर्यंत प्रकरण जाते. हे सगळे शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून मिळवले आणि योग्यच केले. माझा प्रश्न एवढाच की, जी यंत्रणा उसाच्या पैशांचे चौदा दिवस मोजू शकते तिला तळावर सहा वर्षांखालची किती मुले आहेत हे मोजणे का अवघड जावे?

म्हणून मला जी गोष्ट सर्वांत आधी व्हावीशी वाटते ती गाळप परवान्यात आहे. ज्या तळावर पंचवीसच्या आसपास लहान मुले आहेत तिथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालणारे पाळणाघर असल्याशिवाय परवाना नाही, आणि हंगामाच्या मध्यावर त्याची तपासणी. पंचवीस हा आकडा मी मनाने काढलेला नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत एका पाळणाघरासाठी तेवढीच मुले धरली आहेत. तिथली वेळ मात्र साडेसात तासांची आहे, म्हणजे कचेरीत जाणाऱ्या आईच्या मापाची. फडावर ती दुप्पट लागेल आणि दोन पाळ्यांत माणसे नेमावी लागतील. ती माणसे बाहेरून आणण्याची गरज नाही. प्रत्येक टोळीत एखादी अशी बाई असते जिची कंबर गेली आहे किंवा जी नुकतीच बाळंत झाली आहे आणि तरीही कोयता धरते, कारण नाही धरला तर जोडी मोडते. तिला मुलांसाठी नेमले आणि तोडणीइतकी मजुरी दिली तर दोन प्रश्न एका दमात हलके होतात.

पैसा कुठून आणायचा हेही ठरलेले आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची असा निर्णय झालेला आहे. ज्या हंगामात राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला जातो, आणि असे हंगाम अलीकडे होऊन गेले आहेत, त्या हंगामात कारखान्यांचा वाटाच शंभर कोटी होतो. त्यातला पहिला हक्क सहा वर्षांखालच्या मुलांचा मानावा. विमा, ओळखपत्रे, मेळावे नंतर.

दुसरी गोष्ट खाड्याची. मूल आजारी असताना, बाळंतपणात आणि त्यानंतरच्या ठरावीक काळात खाडा लावता येणार नाही, हे दर तीन वर्षांनी होणाऱ्या दराच्या करारात लिहून घ्यावे. संघटना या करारात टनाच्या दरासाठी झुंजतात. दर वाढला पाहिजेच, पण त्या वाटाघाटीच्या टेबलावर फड तोडणारी बाई सहसा बसलेली नसते, आणि म्हणून खाड्याचा विषय शेवटच्या पानावरही येत नाही. करारावर तिचे स्वतंत्र नाव आणि तिच्या मजुरीचा स्वतंत्र हिशेब आला तर हे आपोआप बदलायला लागेल असे मला वाटते, जरी ते एका हंगामात होणारे काम नाही.

गावी आजीकडे ठेवलेल्या मुलांबद्दल थोडे. हंगामी वसतिगृहाची कल्पना शाळकरी मुलांसाठी चालली, कारण तिने मुलाला आजीच्याच घरी ठेवून जेवणाची जबाबदारी शाळेकडे घेतली. हीच कल्पना खाली उतरवता येईल: हंगामापुरती अंगणवाडी पूर्ण दिवस चालवायची आणि नातवंड सांभाळणाऱ्या म्हातारीला महिन्याला काही रक्कम द्यायची. बालसंगोपनाच्या योजनेत 'पालक हंगामी स्थलांतरित' एवढा एक गट वाढवला आणि उत्पन्नाची अट त्या गटापुरती काढली, तरी हे जमेल. गावात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असतेच. बहुतेक ठिकाणी ती फलकावर असते. ऑक्टोबरमध्ये कोण जाणार, कोणाची मुले मागे राहणार, कोणाची बरोबर जाणार, ही यादी गावात सगळ्यांना तोंडपाठ असते. ती समितीने नुसती कागदावर उतरवून तालुक्याला आणि ज्या कारखान्याला टोळी जाणार त्याला कळवली, तर त्या फलकाला अर्थ येईल.

ऊसतोडीला जावेच लागू नये, हे खरे उत्तर आहे असे म्हणणारे लोक मला भेटतात आणि ते बरोबर आहेत. 1972 च्या दुष्काळातून ज्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली, ते राज्य बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याला पन्नास वर्षांत पाणी आणि हिवाळ्यातले काम देऊ शकले नाही, हे दुखणे जुने आहे. पण ते बरे होईपर्यंत दर वर्षी नवी मुले चुलीकडे रांगत जाणार आहेत, आणि त्यांना तेवढी वाट पाहायला सांगता येत नाही.

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मंत्री समितीची बैठक होऊन गाळप कधी सुरू करायचे ते ठरते. उपलब्ध ऊस, एफआरपी, टनामागच्या कपाती हे विषय तिथे असतात. तळांवरची पाळणाघरे हा विषय त्या टिपणीत घालायला कायदा बदलावा लागत नाही, एका सचिवाची सही लागते.

त्या जोडप्याचे आम्ही काय केले? मुलगा बरा झाल्यावर आम्ही दोन्ही मुलांना पट्टा पडेपर्यंत बालगृहात ठेवण्याचा आदेश दिला, आणि आईबापांना, यापुढे निष्काळजीपणा करणार नाही, असे हमीपत्र लिहून द्यायला लावले. दोघांनी अंगठे उठवले आणि ते दुपारच्या गाडीने फडावर परत गेले, कारण दोन दिवसांचे खाडे आधीच पडले होते. नंतर एकदा ती फाईल पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा मी तपासणी अहवाल नीट वाचला. बापाचे व्यसन, आईचे शिक्षण, घराच्या भिंती, जमीन, कर्ज, नातेवाईक, सगळे लिहिलेले होते. मुकादमाचे नाव नव्हते. कारखान्याचेही नव्हते, आम्ही ते विचारलेच नव्हते.